बलाढ्याचा शेजार आणि तारापूरचा धडा

पेठेंतला एक व्यवहार आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. ज्या किरकोळ दुकानदारास सगळा माल एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून घ्यावा लागतो, त्याच्या दुकानावरची पाटी त्याच्या नांवाची असली तरी दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते. स्नेह आहे तोंवर माल वेळेवर येतो. मतभेद झाला कीं गाडी अडते. मग भाव काय ठरला होता, मुदत किती होती, शब्द कोणीं दिला होता, हें सर्व वहींत राहतें आणि दुकानाच्या फळ्या लागतात. राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहार ह्याहून फार उच्च तत्त्वांवर चालतो असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं पालघराहून बोईसरमार्गें तारापुरापर्यंत एकदां जाऊन यावें. तारापूर गांवांत पोर्तुगीज अमदानीचा जुना किल्ला आहे, आणि तेथून जवळच समुद्रकाठीं देशांतील पहिलें अणुवीज केंद्र आहे. एक वास्तु दगडाची, दुसरी शास्त्राची. पण बलाढ्य राष्ट्र दुर्बळाच्या कारभारांत आपला हात कसा शिरकवतें, ह्याची साक्ष दोन्ही देतात.

हा हात नेहमींच तलवार घेऊन येतो असें नाहीं. बहुधा तो तीन वाटांनीं येतो. पहिली वाट परवान्याची, दुसरी संरक्षणाची आणि तिसरी पुरवठ्याची. ह्या तिन्ही वाटा आमच्या ह्या एका किनाऱ्यानें पाहिल्या आहेत, हें पालघर जिल्ह्याचें दुर्दैव म्हणा कीं शिक्षण म्हणा. हा पूर्वानुभव आज उगाळण्याचें कारण एवढेंच कीं, त्या वेळीं आपण दुर्बळ पक्ष होतों आणि आतां आपल्या सरहद्दीपलीकडे आपल्याहून दुर्बळ असे शेजारी आहेत. ज्यानें अडवणूक सोसली त्यानें दुसऱ्याची अडवणूक करावी काय, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम परवान्याची वाट पाहूं. सन १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्यानें मोंगलांच्या धास्तीनें वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवालीं केला. पुढें दमणही त्यांच्या हातीं गेलें आणि तारापूर, माहीम, केळवें हीं ठाणीं त्यांच्या तटाबुरुजांखालीं आलीं. परंतु त्यांची खरी सत्ता भुईवर नव्हती, पाण्यावर होती. समुद्रांत जाणाऱ्या तारवानें त्यांचा ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना घ्यावा, त्यांच्या बंदरांत जकात भरावी, मना केलेला माल नेऊं नये; आणि परवान्याविना सांपडेल तें तारूं जप्त व्हावें, असा त्यांचा शिरस्ता होता. समुद्र कोणाच्या बापाचा नव्हता. तरी त्यावरून जाण्याची परवानगी मात्र विकत घ्यावी लागे. जो माल आपला, जें तारूं आपलें, जो खलाशी आपला, त्याला दुसऱ्याच्या कागदावांचून हालतां येऊं नये, ही परतंत्रतेची पहिली पायरी होय. सन १७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या फौजेनें तारापूरचा किल्ला घेतला, त्या लढाईंत बाजी भिवराव रेठरेकर कामीं आले, आणि मे महिन्यांत वसई पडली. तेव्हां ह्या किनाऱ्यावरील ती पायरी मोडली.

परंतु पुरतीं चौसष्ट वर्षें लोटलीं नाहींत तोंच त्याच वसईंत दुसरी वाट उघडली गेली, आणि ती बाहेरच्यांनीं फोडलेली नव्हती, आंतल्यांनीं मोकळी करून दिलेली होती. ऑक्टोबर १८०२ मध्यें यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसरे बाजीराव कोंकणांत उतरले व इंग्रजांच्या आश्रयास गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईचा तह झाला. तहाचीं कलमें वरवर पाहतां किती सौम्य! इंग्रजांनीं पेशव्यांचें रक्षण करावें; त्यासाठीं सहा हजारांची फौज पेशव्यांच्या मुलखांत ठेवावी; तिच्या खर्चास सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख पेशव्यांनीं तोडून द्यावा; इंग्रजांशीं वैर असलेल्या युरोपियनांस चाकरींत ठेवूं नये; आणि इतर सत्तांशीं बोलणें करण्यापूर्वीं इंग्रजांचा सल्ला घ्यावा. रक्षणासाठीं आलेली फौज कोणापासून रक्षण करणार, हें ठरविण्याचा अधिकार मात्र ज्याचें रक्षण व्हावयाचें त्याच्याकडे राहिला नाहीं. पंधरा वर्षांत १८१७ चा दुसरा तह लादला गेला, आणि १८१८ च्या जूनमध्यें रक्षित राजा रक्षकांच्या स्वाधीन होऊन आठ लाखांच्या तनख्यावर विठुरास गेला.

येथें एक गोष्ट आमच्या इतिहासाभिमानी मित्रांस रुचो वा न रुचो, सांगितलीच पाहिजे. वसईच्या तहाबद्दल इंग्रजांस दोष देणारे आपण, पेशवाईच्या भरभराटींत ह्याच डोंगरपट्टींतील जव्हारच्या मुकणे राजांशीं कसे वागलों? जव्हारचें कोळी संस्थान पेशव्यांहून कितीतरी जुनें. अठराव्या शतकांत पुण्याच्या कारभाऱ्यांनीं त्याच्या घरांतील भानगडींत हात घातला, नजराणे उकळले आणि मुलूख तोडीत नेला. शतकाच्या अखेरीस त्या राजाकडे पूर्वीच्या वैभवाचा अल्पसा तुकडा उरला होता. बळी तो कान पिळी ही म्हण इंग्रजांनीं विलायतेहून आणलेली नाहीं. ती अस्सल मराठी आहे.

आणि ती केवळ मराठीही नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें उदाहरण घ्या. जें राष्ट्र स्वतः परक्या राजाचें जूं झुगारून जन्मास आलें, त्याच राष्ट्राच्या अध्यक्ष मन्रो ह्यांनीं १८२३ सालीं युरोपांतील सत्तांस बजाविलें कीं, आमच्या खंडांत हात घालूं नका. भाषा रक्षणाची होती. १९०४ सालीं थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं त्या रक्षणाचा अर्थ पुढें ओढला: शेजारी राष्ट्र नीट वागलें नाहीं, तर तेथें बंदोबस्त करण्याचा हक्क आमचाच. दुसऱ्याच वर्षीं डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या कर्जफेडीच्या निमित्तानें तेथील जकातनाकीं अमेरिकन अंमलदारांच्या ताब्यांत गेलीं. ज्या देशाची जकात दुसरा वसूल करतो, त्याचें स्वातंत्र्य किती, हें व्यापाऱ्यांस समजावून सांगावयास नको. निकाराग्वांत १९१२ पासून १९३३ पर्यंत मधला अल्प काळ सोडून, आणि हैतींत १९१५ पासून १९३४ पर्यंत, अमेरिकन सैन्य राहिलें. क्यूबाची गोष्ट तर वसईच्या तहाची जुळी बहीण शोभेल. स्पेनच्या हातून सुटलेल्या क्यूबास १९०१ सालीं आपल्या राज्यघटनेंत असें लिहून घ्यावें लागलें कीं, परराष्ट्रांशीं अमुक प्रकारचे करार करूं नयेत, आरमारी ठाण्यांस जागा द्यावी, आणि अमेरिकेस वाटेल तेव्हां मध्यें पडण्याचा अधिकार असावा. हीं कलमें १९३४ सालीं रद्द झालीं. ग्वांतानामोचें ठाणें मात्र राहिलें. पाहुणा गेला तरी त्याची पथारी उरली.

आतां तिसऱ्या वाटेकडे, पुरवठ्याच्या वाटेकडे वळूं, म्हणजे पुन्हां तारापुरास येऊं. ८ ऑगस्ट १९६३ रोजीं भारत व अमेरिका ह्यांमध्यें करार झाला. तारापुरास अमेरिकन बनावटीच्या दोन अणुभट्ट्या उभाराव्या, त्यांस लागणारें समृद्ध युरेनियम अमेरिकेनें तीस वर्षें, म्हणजे १९९३ पर्यंत पुरवावें, आणि त्या भट्ट्यांत अमेरिकेनें दिलेल्या इंधनावांचून दुसरें इंधन भारतानें वापरूं नये, असें ठरलें. अमेरिकेनें अल्प व्याजाचें कर्जही दिलें. २८ ऑक्टोबर १९६९ पासून केंद्राची वीज व्यापारी पायावर मिळूं लागली, आणि ती महाराष्ट्र व गुजरात ह्या दोन्ही राज्यांस जाऊं लागली. दुकान उत्तम चाललें होतें. परंतु पहिल्या परिच्छेदांत सांगितलेली किल्ली कोणाच्या कमरेला होती, हें आमच्या वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

१८ मे १९७४ रोजीं भारतानें पोखरण येथें अणुस्फोट केला. त्यास लागलेलें द्रव्य तारापूरचें नव्हतें; तें तुर्भ्याच्या निराळ्या भट्टींतलें होतें, आणि त्या भट्टीस कानडाची मदत व अमेरिकेचें जड पाणी मिळालें होतें. ह्याबद्दल त्या दोन्ही देशांस राग आला तो निष्कारण होता असें आम्ही म्हणत नाहीं. अण्वस्त्रें जगांत पसरूं नयेत ही इच्छा वाईट म्हणणारा मनुष्य विरळा. परंतु तारापूरचें केंद्र आंतरराष्ट्रीय तपासणीखालीं होतें, आणि तेथील कराराचा भारतानें भंग केल्याचें कोणीं सिद्ध केलें नव्हतें. असें असतां १० मार्च १९७८ रोजीं अमेरिकेंत नवा कायदा झाला. ज्या देशानें आपलीं सर्वच्या सर्व अणुकेंद्रें आंतरराष्ट्रीय तपासणीस खुलीं केलीं नाहींत, त्यास इंधन देऊं नये, असें त्या कायद्यानें ठरविलें. आणि १९६३ सालीं दिलेल्या शब्दास १९७८ सालीं केलेली अट लागूं झाली. सौदा झाल्यावर पंधरा वर्षांनीं, माल अर्ध्यावर आला असतां, विकणाऱ्यानें आपल्याच घरांत बसून नवें कलम लिहावें आणि घेणाऱ्यास सांगावें कीं हें तुलाही बंधनकारक आहे, असा हा प्रकार होता.

पुढील हकीकत मोठी बोधप्रद आहे. मे १९८० मध्यें अमेरिकेच्या अणुनियामक मंडळानें तारापूरच्या इंधनाचा परवाना एकमतानें नाकारला. अध्यक्ष कार्टर ह्यांनीं आपल्या अधिकारांत अडतीस टन इंधन पाठविण्याचें ठरविलें. त्यावर सप्टेंबरांत त्यांच्या प्रतिनिधिगृहानें २९८ विरुद्ध ९८ मतांनीं नापसंती दाखविली. सेनेटांत मात्र अध्यक्षांचा निर्णय ४८ विरुद्ध ४६ मतांनीं, म्हणजे केवळ दोन मतांच्या फरकानें तरला. ह्याचा अर्थ काय झाला? महाराष्ट्र-गुजराथच्या गिरण्या व घरें ह्यांस मिळणाऱ्या विजेचा एक वांटा हजारों कोस दूरच्या सभागृहांतील दोन हातांवर लोंबकळत होता, आणि त्या सभागृहांत पालघरचा किंवा सुरतेचा एकही मतदार नव्हता. कार्ताझ हा शब्द गेला होता; वस्तु गेली नव्हती. शेवटीं जुलै १९८२ मध्यें इंदिरा गांधी वॉशिंग्टनास गेल्या असतां असा तोडगा निघाला कीं, करार कायम ठेवून इंधन फ्रान्सनें द्यावें. पुढें १९९३ नंतर चीननें व रशियानें इंधन पुरविलें. वापरून झालेलें इंधन मात्र अमेरिकेनें परत नेलें नाहीं, आणि त्यावर प्रक्रिया करण्यास संमतीही दिली नाहीं. तें तारापुरासच सांठवून ठेवावें लागलें.

ह्या अडवणुकीनें भारताचें कांहीं भलें झालें हेंही खरें. आमच्या शास्त्रज्ञांनीं मिश्र इंधन तयार करून तारापूरच्या भट्ट्यांत वापरून पाहिलें. आणि त्याच आवारांत २००५ व २००६ सालीं प्रत्येकीं ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी भट्ट्या सुरू झाल्या, ज्यांस परदेशी समृद्ध युरेनियमाची गरज नाहीं. अडविणारानें अडविलें म्हणून आपण चालावयास शिकलों. परंतु येथें एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. भारत खंडप्राय देश. त्याच्यापाशीं शास्त्रज्ञ होते, तुर्भ्याची प्रयोगशाळा होती, पॅरिसकडे, मॉस्कोकडे जाण्याची सोय होती, तीन बाजूंस समुद्र मोकळा होता. ज्याच्यापाशीं ह्यांतलें कांहींच नाहीं, ज्याचा एकच रस्ता एकाच शेजाऱ्याच्या अंगणांतून जातो, अशा देशाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असली तर त्यानें काय करावें?

हा प्रश्न काल्पनिक नाहीं. नेपाळास समुद्र नाहीं. त्याचें रॉकेल, मीठ, औषध, सिमेंट बहुतांशीं आपल्या नाक्यांवरून जातें. मार्च १९८९ मध्यें व्यापार व वाहतुकीच्या करारांची मुदत संपली आणि नवीन कराराबद्दल एकमत झालें नाहीं, तेव्हां दोन नाकीं सोडून बाकीचीं आपण बंद केलीं. नेपाळनें चीनकडून शस्त्रें घेतलीं हा त्यामागील एक राग होता. राजाशीं भांडण, पण काठमांडूच्या चुली रॉकेलावांचून राहिल्या आणि लोक सरपणासाठीं जंगलाकडे वळले. पुन्हां २०१५ सालीं, एप्रिलच्या भूकंपानें सुमारें नऊ हजार माणसें मेल्यावर अवघ्या पांच महिन्यांनीं, नेपाळची नवी राज्यघटना जाहीर झाली. ती तराईंतील मधेशी लोकांस अन्यायाची वाटली, दिल्लीसही ती पसंत नव्हती, आणि सरहद्दीवर मालगाड्यांच्या रांगा लागल्या. आपण नाकेबंदी केलेली नाहीं, मधेशी आंदोलनामुळें वाहनें अडलीं, असें आपल्या सरकारचें म्हणणें होतें. तें म्हणणें नेपाळच्या सामान्य माणसास पटलें नाहीं. फेब्रुवारी २०१६ मध्यें वाहतूक सुरळीत झाली, आणि मार्चमध्यें नेपाळच्या पंतप्रधानांनीं पेकिंगांत जाऊन चीनशीं वाहतुकीचा करार केला. तारापूर अडलें तेव्हां आपण फ्रान्सकडे गेलों. नेपाळ अडलें तेव्हां तें चीनकडे गेलें. पहिल्या गोष्टीस आपण स्वाभिमान म्हणतों आणि दुसरीस कृतघ्नपणा. हा न्याय कोणत्या तराजूंतला?

भूतानचें उदाहरण लहान आहे, पण बोंचणारें आहे. त्या स्नेही देशाशीं १९४९ सालीं झालेल्या तहांत परराष्ट्रव्यवहारांत भारताच्या सल्ल्यानें चालण्याचें कलम होतें. तें २००७ सालीं उभयतांच्या संमतीनें बदललें गेलें, ही आपल्या शहाणपणाची गोष्ट. परंतु जुलै २०१३ मध्यें, भूतानांत निवडणूक चालू असतां, स्वयंपाकाच्या गॅसवरील व रॉकेलावरील आपली सवलत बंद झाली आणि निवडणूक आटोपल्यावर पुन्हां सुरू झाली. कराराची मुदत संपल्याचें तांत्रिक कारण देण्यांत आलें. कारण खरें असो. वेळ मात्र अशी साधली गेली कीं थिंफूंतील गृहिणीस त्यांतून निराळाच अर्थ वाचतां यावा.

सर्वांत महाग पडला तो लंकेचा अनुभव. २९ जुलै १९८७ च्या करारान्वयें आपलें सैन्य शांतिरक्षणासाठीं तेथें गेलें. तमिळांस न्याय मिळावा हा हेतु चांगला होता. बोलावणेंही तेथील अध्यक्षांच्या सहीचें होतें. पण बोलावणारा अध्यक्ष बदलला, ज्यांच्या रक्षणास गेलों त्यांतल्याच बंडखोरांशीं लढावें लागलें, आणि १९९० च्या मार्चमध्यें सैन्य परत आलें तेव्हां आपले सुमारें बाराशें जवान तेथें पडले होते. राजाचें बोलावणें म्हणजे प्रजेचें बोलावणें नव्हे, हें १८०२ सालीं वसईनें शिकविलें होतें. तें आपण पुन्हां मोठ्या किंमतीनें शिकलों.

आमचें म्हणणें एकांगी होऊं नये म्हणून दुसरी बाजूही मांडतों, आणि ती अभिमानानें मांडतों. १९७१ च्या युद्धानंतर आपलें सैन्य बांगलादेशांतून तीन महिन्यांत, मार्च १९७२ मध्यें, माघारीं आलें. नोव्हेंबर १९८८ मध्यें मालदीवच्या सरकारनें हांक मारली. आपल्या छत्रीधारी सैनिकांनीं बंड मोडलें, आणि मोहीम संपल्यावर तेथें ठाणें करून आपण राहिलों नाहीं. पुढें त्याच मालदीवनें आपलीं माणसें परत न्या म्हटलें, तेव्हां आपण २०२४ च्या मे महिन्यापर्यंत लष्करी माणसें काढून त्या जागीं मुलकी तंत्रज्ञ पाठविले. बंगालच्या उपसागरांतील पाण्याचा तंटा आंतरराष्ट्रीय लवादापुढें गेला. ७ जुलै २०१४ रोजीं वादांतील सुमारें साडेपंचवीस हजार चौरस किलोमीटरांपैकीं एकोणीस हजारांहून अधिक बांगलादेशास मिळाले, आणि भारतानें तो निकाल मानला. दुसऱ्या वर्षीं १६२ छिटमहालांची अदलाबदल झाली आणि १९७४ चा शब्द पुरा झाला. त्या दिवशीं आपलें कांहीं गेलें काय? उलट जें मिळालें तें तोफांनीं मिळण्यासारखें नव्हतें. बलाढ्याच्या शब्दास किंमत येते ती तो स्वतः तोट्यांत असतां शब्द पाळतो तेव्हां.

आमच्या ह्या लिहिण्यावर दोन आक्षेप येतील, त्यांचा येथेंच परामर्श घेतों. पहिला असा कीं, मोठ्या राष्ट्रास आपल्या सीमेची काळजी घ्यावी लागते. चीन आमच्या दारांत येऊन बसला तर काय करावें? काळजी जरूर घ्यावी. ज्याच्याशीं युद्धाचा किंवा दहशतीचा हिशेब चालूं आहे त्या देशाची गोष्टही निराळी. आम्ही बोलतों आहों तें ज्यांच्याशीं आपलें वैर नाहीं त्यांविषयीं. पण काठमांडूच्या चुलीखालचें रॉकेल थांबवून चीन एक पाऊलही मागें हटला नाहीं; त्याला आमंत्रण मात्र मिळालें. दुसरा आक्षेप असा कीं, सारीं बलाढ्य राष्ट्रें हेंच करतात, आपणच साधुत्वाचा मक्ता कां घ्यावा? ह्यास उत्तर हें कीं, हा साधुत्वाचा प्रश्न नसून पेढीच्या पतीचा आहे. पोर्तुगीज, इंग्रज, अमेरिकन ह्यांनीं केलें म्हणून जें आपल्याविरुद्ध अन्याय्य होतें, तें आपल्या हातून न्याय्य होत नाहीं. पालघरच्या पाचबत्तीवरून जाणाऱ्या प्रत्येकास १४ ऑगस्ट १९४२ चा दिवस आठवावा. दूरच्या राजधानीनें आपलें भवितव्य ठरवूं नये, ह्याच तत्त्वासाठीं त्या दिवशीं पांच जणांनीं गोळ्या झेलल्या. तें तत्त्व रक्सौलच्या नाक्यापाशीं संपतें असें त्यांनीं कोठें सांगून ठेवलेलें नाहीं.

मग करावें काय? बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत रंग, रसायनें, औषधें, कापड व पोलाद ह्यांचा धंदा करणारे आमचे वाचक ज्या चार गोष्टींवांचून कोणताही सौदा सही करीत नाहींत, त्याच चार गोष्टी शेजाऱ्यांशीं होणाऱ्या प्रत्येक करारांत असाव्या, एवढेंच आमचें मागणें आहे. त्या गोष्टी म्हणजे मुदत, भाव, सूचना आणि पंच. मुदत आधीं ठरलेली असावी, आणि ती संपण्यापूर्वींच नवीन बोलणें सुरू व्हावें. १९९६ सालीं बांगलादेशाशीं झालेला गंगेच्या पाण्याचा करारही तारापूरच्या इंधनाप्रमाणें तीस वर्षांचाच असून त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे, हें येथें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. भाव म्हणजे कोणीं काय द्यावयाचें हें उघड असावें. उपकार म्हणून दिलेली सवलत उद्यां चाबूक म्हणून वापरली जाते. सूचना दिल्यावांचून कोणतेंही कलम एकतर्फी बदलूं नये, आणि घरांत केलेला नवा कायदा बाहेर दिलेल्या जुन्या शब्दास लागूं करूं नये. आणि तंटा पडल्यास पंच असावा. मोठ्या पक्षानें स्वतःच वादी व स्वतःच न्यायाधीश होऊं नये. ह्यांत पांचवी गोष्ट आम्ही सरकारपुढें ठेवतों. इंधन, अन्न, औषध व वाट ह्या चार वस्तु कोणत्याही राजकीय रागांत अडविल्या जाणार नाहींत, असें आपल्या संसदेनें ठरावानें जाहीर करावें. आपल्या देशांत परराष्ट्रांशीं होणारे करार संसदेच्या मंजुरीवांचूनही होतात. निदान शेजाऱ्यांशीं होणारे मोठे करार तेथें चर्चेस यावेत. दोन मतांनीं तारापूर वाचलें ती चर्चा आपल्यास जाचक होती खरी, पण ती उघड्यावर झाली. आपलीं नाकीं बंद झालीं तेव्हां आपल्या मतदारांस कोणीं विचारलेंही नाहीं.

ह्या वसाहतींतला कारखानदार म्हणेल कीं, नेपाळ-भूतानशीं आम्हांस काय कर्तव्य? ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ झाला. हें बंदर बांधलें जावें कीं नाहीं, ह्याबद्दल किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांच्या तक्रारी तीव्र आहेत व त्या ऐकल्या पाहिजेत. परंतु ज्या जिल्ह्याच्या दारांत एवढें बंदर उभें राहणार म्हणतात, त्या जिल्ह्यास परराष्ट्रधोरण ही दिल्लीची दूरची बाब मानून चालणार नाहीं. ज्याच्या पेढीची पत बुडाली त्याच्या हुंडीस कोणी हात लावीत नाहीं.

शेवटीं, शेजार म्हणजे केवळ सरहद्दीपलीकडचा देश नव्हे. तारापूरच्या नव्या भट्ट्यांसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें आपल्या जागेवरून उठलीं. देशास वीज मिळाली; उठलेल्यांस काय मिळावयाचें ह्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला. वॉशिंग्टनापुढें दुर्बळ असलेलें आपलें सरकार ह्या दोन गांवांपुढें बलाढ्य होतें. बळ ही अशी सापेक्ष वस्तु आहे. प्रत्येकाच्या वर कोणी असतो आणि प्रत्येकाच्या खालीं कोणी असतो. वरच्यापुढें मान ताठ ठेवण्यास धैर्य लागतें, आणि तें धैर्य तारापुरास आपण दाखविलें. खालच्याचा हात न पिरगाळण्यास त्याहून मोठा संयम लागतो. तो संयम आपल्या परराष्ट्रधोरणांत यावा, असें ज्या मतदारास वाटत असेल त्यानें तें आपल्या लोकप्रतिनिधीस विचारावें, आणि पुढच्या वेळीं शेजाऱ्याच्या नाक्यावर गाड्या अडल्या तर त्या कोणाच्या हुकुमानें व कां अडल्या, ह्याचा जाब त्याच दिवशीं मागावा.